आरंभशूरांची धाव

नाताळ जवळ येऊ लागला की आमच्या वसईच्या रस्त्यांवर पहाटे एक सुखद दृश्य दिसते. पहिल्या ख्रिस्तयागाची घंटा होण्यापूर्वीच तरुण मुले-मुली, क्वचित त्यांचे आईवडीलही, पायांत नवे बूट घालून धावायला निघालेले असतात. मुंबईत २००४ साली आणि वसई-विरारमध्ये २०११ साली मॅरेथॉन सुरू झाली. तेव्हापासून ही ओढ आमच्या वाड्यावाड्यांत पोहोचली आहे. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तर धावणाऱ्यांची संख्या इतकी वाढते की दूधवाल्याला सायकलची घंटी वाजवीत वाट काढावी लागते. मग फेब्रुवारी उजाडतो आणि तोच रस्ता पुन्हा एकट्या दूधवाल्याचा होतो.

मराठी भाषेने अशा माणसासाठी एक नेमका शब्द घडविला आहे : आरंभशूर. ह्या शब्दात थट्टा आहे, परंतु एक सूक्ष्म नैतिक निरीक्षणही आहे. ज्याला आपण आरंभशूर म्हणतो तो आळशी नसतो. आळशी माणूस मुळी आरंभच करीत नाही. आरंभशूराजवळ शौर्य असते. मात्र ते पहिल्या काही दिवसांतच खर्ची पडते. मग त्याच्यापाशी उणे काय असते? आपण चटकन म्हणतो, इच्छाशक्ती. आम्हीही अनेक वर्षे उपदेशपीठावरून हेच सांगत आलो. परंतु काही वर्षांपूर्वी स्वतःच्याच पायांनी आम्हाला हे उत्तर पुन्हा तपासून पाहावयास लावले.

पन्नाशी ओलांडल्यावर आमच्या रक्तातील साखर वाढल्याचे आढळले. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून नियमित चालण्याचा व झेपेल तसे धावण्याचा सल्ला दिला. त्याच सुमारास धर्मग्रामातील युवकांचा एक गट अर्धमॅरेथॉनची, म्हणजे २१.१ किलोमीटरची, तयारी करीत होता. आम्ही त्यांच्यात सामील झालो. पहिला आठवडा धापा टाकण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात श्वास बराच सुधारला. तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी सायंकाळी मुलांच्या बरोबरीने आम्ही आठ किलोमीटर धावलो. मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या आम्हाला फार गोड लागल्या, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी उजव्या पायाची नडगी ठणकू लागली. कोणाला सांगायचे तर संकोच वाटे, म्हणून आणखी दोन दिवस तसेच धावलो. त्यानंतर वेदीच्या तीन पायऱ्या चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागला. दुखणे पाच आठवड्यांत गेले. धावणे मात्र आम्ही चार महिन्यांनी पुन्हा सुरू केले. प्रारंभी दुखणे हे कारण होते. पुढे ती सबब झाली.

इच्छाशक्ती आमच्याजवळ होती. किंबहुना ती जरुरीपेक्षा अधिक होती. नाहीतर ठणकत्या पायाने दोन दिवस कोण धावेल? उणीव दुसऱ्याच कशाची तरी होती. ती ओळखण्यासाठी धावण्याच्या आरंभी देहात काय घडते हे आधी समजून घ्यावे लागेल.

नवा माणूस धावू लागला की पहिल्या एकदोन आठवड्यांतच त्याच्या रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. हृदयाचा प्रत्येक ठोका अधिक रक्त पुढे ढकलतो आणि धाप कमी लागते. पुढील काही आठवड्यांत स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या निर्माण होऊ लागतात, आणि पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. ही झाली दमसासाची वाढ. ती लवकर जाणवते आणि माणसाला हुरूप देते.

हाडांचे व कंडरांचे गणित मात्र निराळे आहे. भार वाढला की हाड स्वतःला बळकट करू लागते, पण त्याची रीत घराच्या दुरुस्तीसारखी असते. आधी जुना भाग काढला जातो आणि मगच नवा भरला जातो. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते; भरण्याचे काम काही महिने चालते. ह्या मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा काहीसे दुबळे असते. अशा वेळी एकाएकी मोठा भार पडला तर नडगी दुखू लागते, प्रसंगी हाडाला केसासारखी बारीक चीरही जाते. कंडरांची घडणही अशीच संथ असते. अर्थात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवोदित धावपटूची छाती त्याला म्हणते, ‘आणखी धाव’. आणि त्याची हाडे म्हणत असतात, ‘जरा थांब’. छातीचा आवाज मोठा असतो. हाडांचा आवाज दुखेपर्यंत ऐकूच येत नाही.

ज्यांच्या वाडीत केळी वा पानवेली आहेत अशा आमच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगावयास नको. आठ दिवसांचे पाणी एकाच दिवशी सोडले तर पीक आठपट वाढत नाही, मुळे कुजतात. रोजचे बेताचे पाणी मुळांना पचते. वाडीत जी गोष्ट आपण शहाणपणाने पाळतो ती स्वतःच्या देहाबाबत आपल्याला अपमानास्पद का वाटावी?

येथे कोणी म्हणेल, मग एखादा नियम सांगा म्हणजे झाले. असा एक नियम धावपटूंमध्ये प्रचलित आहे : दर आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. नियम समंजस आहे, परंतु त्याला मंत्र समजू नये. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे ५३२ नवोदित धावपटूंवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला दहा टक्क्यांच्या नियमाने तेरा आठवड्यांत तयार केले, दुसऱ्याला नेहमीच्या आठ आठवड्यांच्या आखणीने. दोन्ही गटांत दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच, साधारण पाचांत एक, असे निघाले. आम्हाला ह्यातून इतकाच बोध घ्यावासा वाटतो की कागदावरील टक्केवारी आपल्या वतीने संयम पाळू शकत नाही. प्रत्येकाचा देह निराळा, वय निराळे, झोप निराळी. स्वतःकडे रोज लक्ष देण्याचे काम धावणाऱ्यालाच करावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सातत्य हा केवळ उपयुक्त गुण आहे, की त्यात काही नैतिक मूल्यही आहे? अधिक धावता यावे म्हणून नियमित धावावे, एवढाच त्याचा अर्थ असेल तर ते व्यवहारज्ञान झाले. त्यासाठी ह्या पानांवर इतका प्रपंच नको होता.

प्राचीन ग्रीसमधील एक प्रथा येथे आठवते. दुसऱ्या शतकातील प्रवासी लेखक पाउसानियास याने ऑलिंपिया येथील एका शपथेची हकिकत नोंदविली आहे. शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला झ्यूसच्या मूर्तीसमोर शपथ घ्यावी लागे की सलग दहा महिने आपण सरावाचे नियम काटेकोरपणे पाळले आहेत. शपथ जिंकण्याची नव्हती, शौर्याचीही नव्हती. ती घडून गेलेल्या दहा महिन्यांविषयी होती. त्या लोकांना एवढे ठाऊक होते की शर्यतीच्या दिवशी माणूस जे काही दाखवितो त्याचा खरेखोटेपणा आधीच ठरलेला असतो.

ह्यात आम्हाला सातत्याचे नैतिक मूल्य दिसते. जीवनातील पुष्कळ गोष्टी उसन्या आणता येतात. उसन्या पैशांवर लग्न थाटात लावता येते, उसन्या विचारांवर भाषण गाजविता येते. परंतु दमसास उसना मिळत नाही. गेल्या महिन्यात जे धावलो नाही ते आज कोणाकडून मागून आणता येत नाही, आणि उद्याचे आज धावूनही ठेवता येत नाही. शर्यतीच्या आरंभरेषेवर प्रत्येक जण आपल्या खऱ्या मापाने उभा असतो. म्हणून नियमित सराव हा सत्याने वागण्याचा एक प्रकार आहे. आपण आज जेवढे आहोत तेवढेच आहोत, हे रोज मान्य करून त्यात किंचित भर घालणे, एवढाच त्याचा अर्थ. तिसऱ्या आठवड्यात आठ किलोमीटर धावणारे आम्ही त्या सायंकाळी एक प्रकारचे असत्य बोलत होतो. जी तयारी आमच्यापाशी नव्हती ती आहे असे दाखवीत होतो. पायाने ते असत्य उघडे पाडले.

तेव्हा आमच्यापाशी उणीव होती ती नम्रतेची. नवशिका असणे आम्हाला सोसत नव्हते. इतक्या वर्षांची सेवा, लोकांचा मान, ‘फादर’ ह्या हाकेची सवय. अशा माणसाने विशीतल्या पोरांच्या मागे एक मिनिट धावावे आणि दोन मिनिटे चालावे? आरंभशूराचे खरे दुखणे बहुधा हेच असते. त्याला आरंभ आवडतो, पण आरंभीची अवस्था आवडत नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीत भाग घेणाऱ्यांच्या आत्मसंयमनाचा उल्लेख केला तो अशा नगरातील लोकांपुढे, ज्यांच्या जवळच इस्थमसचे खेळ दर दोन वर्षांनी भरत. त्या संयमनाचा अर्थ आम्ही पूर्वी खाण्यापिण्याचा वा झोपेचा संयम असा लावीत असू. आता वाटते, आपल्या कुवतीहून मोठे दिसण्याच्या हौसेला आवर घालणे हाही त्याचा एक कठीण भाग असावा.

ह्या विचाराला काही गंभीर आक्षेप आहेत. ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा : मन नसताना केवळ नेम म्हणून धावणे हे यांत्रिक नव्हे काय? ज्या कृतीत उत्साह नाही तिची किंमत ती काय? तरुण मंडळी हा प्रश्न प्रार्थनेबाबतही विचारतात. त्याला उत्तर देताना सेमिनरीत शिकलेला अ‍ॅरिस्टॉटल उपयोगी पडतो. त्याचे म्हणणे असे की माणूस घरे बांधून गवंडी होतो, वीणा वाजवून वादक होतो आणि न्यायाने वागून न्यायी होतो. गुण आधी येऊन कृती मागून येते असे नाही. पुष्कळदा कृती करीत गेल्याने गुण अंगी बाणतो. उत्साह ही हवामानासारखी गोष्ट आहे. तिच्यावर आपली सत्ता नाही. आईने रात्री दोन वाजता उठून तान्ह्याला पाजले तेव्हा तिला उत्साह वाटत होता काय, असे कोणी विचारीत नाही. तिच्या त्या झोपाळू उठण्याला आपण दांभिक म्हणत नाही. आपण त्याला प्रेम म्हणतो, आणि ते बरोबरच आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारातला आहे. सातत्याच्या नावाखाली माणूस हट्टी होतो, दुखऱ्या पायाने धावतो, तापातही नेम चुकवीत नाही. हा आक्षेप आम्हाला शंभर टक्के लागू पडला होता. हट्ट आणि सातत्य बाहेरून सारखेच दिसतात. पण हट्ट आकड्याशी इमान राखतो आणि सातत्य दीर्घ वाटचालीशी. ज्याला पुढील वर्षीही धावायचे आहे तो आज विश्रांती घेऊ शकतो. किंबहुना देहाची दुरुस्ती विश्रांतीतच होत असल्याने विश्रांतीचा दिवस हा सरावाचाच दिवस होय.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल व मरे हॅलबर्ग यांनी, एकाच दिवशी अनुक्रमे ८०० व ५,००० मीटरच्या शर्यतींत सुवर्णपदके मिळविली. आपल्या धावपटूंकडून आठवड्याला शंभर मैलांचा सराव करवून घेणारा हा कठोर गुरू. पण पुढे ऑकलंडमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या वयस्क माणसांनाही त्यांनी धावते केले, तेव्हा सांगितले ते एवढेच की शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावा. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील नामवंत प्रशिक्षक बिल बावरमन त्यांच्याकडे गेले. पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या बावरमन यांची त्या संथ धावणाऱ्या वृद्धांबरोबर जाताना पुरती दमछाक झाली. दुसऱ्यांना धावायला शिकविणारा हा माणूस स्वतः मात्र धावत नव्हता. परत गेल्यावर त्यांनी आपल्या गावी सामान्य लोकांसाठी असेच संथ धावणे सुरू केले. उपदेश करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही हकिकत थोडी झोंबते आणि पुष्कळ शिकवितेही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. सातत्य ही मोकळा वेळ असलेल्यांची चैन नाही काय? ज्याचा दिवस दुसऱ्यांच्या हातात आहे त्याने नेम कसा पाळावा? ह्याचे उत्तर आम्हाला पुस्तकात मिळाले नाही. आमच्याच गटातील एका भगिनीने ते न बोलता दिले. पहाटेच्या लोकलने फुले घेऊन त्या दादरला जात आणि दुपारी परतत. आठवड्यातून तीन सायंकाळी, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी, पंचवीस मिनिटे त्या मैदानाला फेऱ्या मारीत. एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे. पुढे दोन मिनिटे धावायचे, एक मिनिट चालायचे. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. वाजविण्यासारखे काही दिसतही नव्हते. सणासुदीला फुलांचा हंगाम आला की सारा आठवडा बुडे. तो संपला की त्या पुन्हा मैदानावर दिसत. चार महिन्यांनी आम्ही ओशाळून परतलो तेव्हा त्या न थांबता पंचवीस मिनिटे धावत होत्या. शर्यतीत त्यांनी भाग घेतला नाही. त्या रविवारी दादरला फुलांना चांगला भाव होता.

आम्ही त्यांना एकदा विचारले, शर्यत धावायची नाही तर मग हे कशासाठी? त्या म्हणाल्या, ‘‘फादर, एवढ्या पंचवीस मिनिटांत मला कुणी हाक मारीत नाही.’’ आम्ही काही बोललो नाही. ज्यांना घरातून व बाजारातून दिवसभर हाका येतात त्यांना नेम हे ओझे वाटत असेल, अशी आमची समजूत होती. त्यांच्यासाठी ती दिवसातील एकमेव मोकळी जागा होती. त्याच वेळी हेही लक्षात आले की ही जागा त्यांना कोणी देऊ केली नव्हती. घरातील इतरांनी आठवड्यातून तीन सायंकाळी भाताची पेज काढली असती, तर ती मिळविण्यासाठी त्यांना इतकी ओढाताण करावी लागली नसती. एका माणसाचे सातत्य पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी मदतीवर उभे असते. आपल्या घरात कोणाचा नेम आपल्यामुळे मोडतो, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा.

त्यांच्या वागण्यातील आणखी एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. आठवडा बुडाल्यावर त्या परत येत, आणि बुडालेला आठवडा भरून काढण्याचा प्रयत्न करीत नसत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. एखादी कृती आपोआप घडू लागण्यास मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत २५४ पर्यंतचा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखी बाधा येत नाही. देहाचेही तसेच आहे. दोनतीन दिवसांच्या खंडाने दमसास घटत नाही. दोन ते चार आठवडे पूर्ण थांबल्यास मात्र घट स्पष्ट दिसू लागते. म्हणजे चुकलेला दिवस आपले फारसे बिघडवीत नाही. चुकलेल्या दिवसाची लाज बिघडविते. ‘नेम मोडला, आता काय उरले?’ असे म्हणून आपण घरी बसतो, आणि एका दिवसाच्या खंडाचे चार महिने करतो. आरंभशूराला अखंड पराक्रम हवा असतो. तो खंडित झाला की त्याचा रस संपतो. सातत्य ज्याला साधले त्याने परत येण्याची कला साधलेली असते.

नव्याने धावू पाहणाऱ्यांनी आमच्या चुकीवरून काही घ्यावे असे वाटते. चाळिशीपुढील, अथवा हृदयाचा, साखरेचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस मोकळा सोडून, वीस ते तीस मिनिटे पुरेत. धावणे व चालणे आलटूनपालटून असावे. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग अधिक झाला असे समजावे. पहिले तीन महिने अंतराचा हिशेब न ठेवता दिवसांचा ठेवावा. आज आणखी दोन किलोमीटर सहज धावता येतील असे वाटत असतानाच घरी परतावे. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे.

आम्ही आता तिसऱ्या वर्षात आहोत. अर्धमॅरेथॉन अजून धावलेलो नाही. मुलांनी यंदाही आग्रह केला तेव्हा ‘पाहू’ म्हणालो. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सायंकाळी मैदानावर जातो. साखर आटोक्यात आहे. त्या भगिनी आम्हाला फेरीगणिक मागे टाकून जातात, आणि जाताना हसून हात वर करतात. पूर्वी अशा वेळी आमची पावले आपोआप जलद पडत. आता आम्हीही हात वर करतो आणि आमच्याच गतीने धावत राहतो.